मोबाईल, मॅक्रो लेन्स आणि पावसातल्या कुत्र्याच्या छत्र्या

पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, भीमाशंकर कुठंही जा, सगळी पब्लिक धबधब्यासमोर उभी असते आणि शेजारच्याच सडक्या ओंडक्यावर एवढ्या भारी छत्र्या उगवलेल्या असतात की बास. त्यांचे फोटो काढायला डीएसएलआर लागत नाही, मोबाईल आणि क्लिपवाली मॅक्रो लेन्स (कॅमेऱ्यावर चिमटा लावून बसवायचं, जवळचं मोठं दाखवणारं छोटं भिंग) पुरते, फक्त चिखलात आडवं पडायची तयारी हवी.

लेन्स लावण्याआधी मोबाईलचं कव्हर काढा, नाहीतर क्लिप नीट बसत नाही आणि फोटोचे कोपरे काळे येतात. मागे तीन-चार कॅमेरे असतील तर मेन कोणता हे आधी शोधा, कॅमेऱ्याचं ॲप १एक्सवर (म्हणजे झूम न करता) ठेवायचं आणि एकेका कॅमेऱ्यावर बोट ठेवून बघायचं, ज्याने स्क्रीन काळी होईल त्यावरच क्लिप. बऱ्याच फोनमध्ये जवळ गेलं की तो आपोआप अल्ट्रावाइडवर (जास्त रुंद दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर) उडी मारतो, ते ऑटो मॅक्रो सेटिंग बंद करून टाका. आणि स्वस्त फोनमधला तो २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ असतो ना, तो सरळ विसरा.

आता खरी कटकट म्हणजे फोकस. क्लिप लेन्स लावली की छत्रीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि तिथे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची पट्टी शार्प येते, म्हणजे टोपीची कड क्लिअर आली की देठ गेलाच. स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग परत टॅप करत बसू नका, फोनच केसभर पुढे-मागे सरकवा, श्वास रोखा आणि बर्स्ट मारा (म्हणजे एकामागोमाग धडाधड फोटो), दहा-पंधरातला एखादा लागतो. हात टेकायला तांदूळ भरलेली छोटी पिशवी एक नंबर, साधा ट्रायपॉड एवढा खाली जातच नाही. शटरला टायमर २ सेकंद, किंवा वायरवाला इयरफोन असेल तर त्याचं व्हॉल्यूमचं बटण. सगळीच छत्री शार्प हवी असेल तर फोन थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो घ्या आणि घरी कॉम्प्युटरवर स्टॅक करा (सगळ्यांतले शार्प भाग जोडून एकच फोटो), पण वारा असेल तर नादाला लागू नका.

फ्लॅश नको. पांढरी टोपी त्यात पार जळून जाते (नुसता पांढरा डाग दिसतो), म्हणून एक्स्पोजरचा स्लायडर थोडा खालीच ओढून ठेवा. मित्राच्या मोबाईलचा टॉर्च बटर पेपरमागून बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूला वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू धरा, झालं लायटिंग! टॉर्च मागून धरला आणि बॅकग्राउंड अंधारं असलं तर कधीकधी स्पोअर्सचा (छत्रीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) धूर उडताना दिसतो, तेव्हा फोटो सोडा आणि व्हिडिओ घ्या.

वरून काढलेला फोटो सगळेच टाकतात, पण तेवढ्यावरून ओळख पटत नाही. टोपीखालच्या पट्ट्या, देठावरचं कडं, बुडाचा फुगवटा हे सगळं यायला पाहिजे. छोटा आरसा खाली सरकवा म्हणजे न उपटता काम होतं. वारुळावरची अळंबी, जी कोकण-गोव्यात लोक आवडीने खातात, तिचा देठ पार आत वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, ते दाखवायला खोदाखोदी करू नका. आणि फोटोवरून किंवा ॲपवरून ओळखून कुठलीच छत्री खायची नाही, म्हणजे नाहीच.

जाळीचा झगा घातलेली स्टिंकहॉर्न नावाची छत्री दिसली तर लगेच काढा, सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत मान टाकते, वास मात्र भयंकर असतो आणि माश्या फ्रेममध्ये येणारच, येऊ देत. प्रॅक्टिस करायची तर घराजवळच्या वाळक्या फांदीवर पंख्यासारख्या पांढुरक्या स्प्लिट गिल नावाच्या छत्र्या शोधा, खालून बघा, पट्ट्या मधोमध चिरलेल्या दिसतील.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, पाच-दहा मिनिटं थांबा, शर्टाने घासू नका. लेन्सच्या पाऊचमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पायाला जळवा लागणारच, मीठ किंवा तंबाखू जवळ ठेवा.

रात्री चमकणारी बुरशी भीमाशंकरच्या जंगलात दिसते, पण ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी घेऊन आणि गाईड सोबत असेल तरच जा. तिथे क्लिप लेन्स काढून ठेवा कारण ती थोडा उजेड खातेच, फोन ट्रायपॉडवर, प्रो मोड (सगळी सेटिंग हाताने), रॉ (फोनने न बदललेली मूळ फाईल), शटर ३० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० पासून सुरू करा. फोकस टॉर्चच्या उजेडात लॉक करायचा आणि मग ग्रुपमधल्या सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावायचे, हे शेवटचं काम सगळ्यात अवघड.