पुढची काच बदलताना: खरी मदार पीयूवर

आजच्या गाड्यांची पुढची काच रबरी चॅनलमध्ये अडकवलेली नसते, ती बॉडीला पॉलियुरेथेनने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पीयूने, चिकटवलेली असते. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा बहुतेक गाड्यांत ती याच काचेचा आधार घेऊन प्रवाशाकडे वळते. गाडी उलटली तर छप्पर दबू नये याचा काही भारही काच पेलते. जोड कच्चा राहिला तर यातलं काहीच होणार नाही, आणि बाहेरून पाहून तो कच्चेपणा दिसतही नाही.

पुढची काच लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेलीच, हवी. कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस 2553 हा क्रमांक पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम 100 नुसार तिच्यातून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. कॅमेरा किंवा रेन सेन्सर असेल तर त्याचा ब्रॅकेट नव्या काचेवर आहे ना, हे जुनी काढण्याआधीच तपासा.

वायपर आणि काउल (काचेच्या खालच्या कडेचं प्लास्टिकचं झाकण) काढून जुना पीयू तारेने किंवा कटरने कापा. फ्रेमवरचा पीयू मुळापासून खरवडू नका. 1 ते 2 मिमीचा घट्ट थर राहू द्या, कारण नवा पीयू त्यालाच सर्वांत छान धरतो. कटरचा ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर तिथे प्रायमर, म्हणजे गंज रोखणारं अस्तर, लावा आणि पूर्ण वाळू द्या. इथे घाई झाली की पुढे गंज धरतो, गंजावर पीयू टिकत नाही आणि गळती सुरू होते. आधीच गंज असेल तर तो घासून, प्रायमर मारूनच पुढे जा.

आता काच कोरडीच बसवून पाहा आणि काच व बॉडी दोन्हींवर टेपच्या खुणा करा. काचेची काळी कड क्लीनरने पुसा, अ‍ॅक्टिव्हेटर किंवा प्रायमर लावा (दोन्हींनी पीयूची पकड वाढते), नंतर तिथे उघडा हात लावू नका. हाताचं तेल जोड कमजोर करतं.

पीयूची मुदत संपलेली नाही ना, ते नळीवर वाचा. नोझलला व्ही आकाराची खाच पाडा, म्हणजे पीयूची धार त्रिकोणी पडते. ती साधारण 12 मिमी उंच ठेवा. असा त्रिकोण दाबला की सगळीकडे सारखा पसरतो, आत हवा कोंडत नाही. 310 मिलीची एक नळी कधी कधी जेमतेम पुरते. दुसरी हाताशी असू द्या, धार मध्येच तुटायला नको. वर साय धरण्याआधी, म्हणजे काही मिनिटांतच, सक्शन कपने काच खुणांवर टेकवा. पीयूऐवजी सिलिकॉन वापरणाऱ्याला थेट नकार द्या.

पीयू हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. पावसाळ्यात तो लवकर धरतो, पण चिकटवायच्या जागेवर पाण्याचा थेंबही चालत नाही. कोरड्या थंडीत मात्र वेळ लागतो. गाडी कधी हलवायची ते उत्पादकाच्या पत्रकात तापमानानुसार दिलेलं असतं. काही पीयूना तासभर पुरतो, काहींना बरेच तास लागतात. गॅरेजवाल्याकडून नेमका वेळ बिलावर लिहून घ्या. एक दिवस टेप काढू नका, दाराची काच बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीचं दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओला जोड सरकतो. दोन दिवस प्रेशर वॉशिंग नको.

लेन किंवा ब्रेक असिस्टचा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या काचेशी पुन्हा जुळवणी, करून घ्या. काच किंचित वेगळ्या कोनात बसली तरी त्याचा अंदाज चुकतो. जुना फास्टॅग काचेवरून काढताना निकामी होतो, तेव्हा बँकेकडून नवा मागवा.