आधी शॉट जमवा, मग स्वाद मिसळा

एस्प्रेसोत दालचिनी घालायची की संत्र्याची साल, हा प्रश्न नंतरचा. साधा शॉटच (मशिनमधून एका वेळी उतरणारी एस्प्रेसो) रोज वेगळा येत असेल, तर चव दळणामुळे बदलली की सिरपमुळे, हे कळणार कसं?

सुरुवातीला दोन आकडे पक्के धरा: बास्केटमध्ये (पूड भरायची छिद्रांची वाटी) 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी. (बास्केट लहान असेल तर 14 आणि 28.) पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंदांत एवढी कॉफी उतरली पाहिजे. मोजमाप मिलिलिटरमध्ये करू नका. ताज्या बियांचा क्रेमा, म्हणजे वरचा फेस, फुगतो, शिळ्यांचा बसतो, आणि कप भरल्यासारखा दिसला तरी वजन कमी असू शकतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा कपाखाली ठेवा.

आता फक्त दळण बदला. 15 सेकंदांतच 36 ग्रॅम उतरली तर ती पाणचट आणि आंबट लागेल. दळण बारीक करा. 45 सेकंद थेंब थेंब गळत राहिली तर कडू आणि तोंड कोरडं पाडणारी होईल. दळण जाड करा. ग्राइंडरमध्ये आधीची पूड अडकलेली असते, म्हणून सेटिंग बदलल्यावर पहिली 2-3 ग्रॅम पूड टाकून द्या. नाहीतर जुन्या दळणावरून नवा निष्कर्ष काढाल.

कधीकधी वेळ बरोबर येते, तरी कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही. याचं कारण बहुतेक वेळा चॅनेलिंग असतं: पाणी पूडीतली एखादी भेग शोधून तिथूनच धावतं. तिथल्या पूडीचा अर्क गरजेपेक्षा जास्त उतरतो आणि बाकीची अर्धी कच्ची राहते. उघड्या तळाचा पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा दांडा) असेल तर बारीक पिचकाऱ्या उडताना दिसतील. बारीक सुईने पूड तळापासून ढवळून गुठळ्या फोडा, मग टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) सपाट दाबा. किती जोर लावला यापेक्षा तो तिरपा नाही ना, हे महत्त्वाचं. मशिनबरोबर आलेल्या बास्केटला बाहेरून एकच बारीक छिद्र असेल, तर ती दाबाची बास्केट. तिच्यात दाब आणि फेस त्या छिद्रामुळे तयार होतात, त्यामुळे दळणातले बारकावे नीट कळत नाहीत.

तीन कपांचा एक प्रयोग जरूर करा. एकाच शॉटचे पहिले, मधले आणि शेवटचे 10 सेकंद वेगवेगळ्या कपांत धरा. पहिला कप दाट, जिभेला झोंबणारा आंबट; मधला गोडसर; शेवटचा फिकट आणि कडवट. हलक्या भाजणीच्या बिया आंबट लागल्या तर 18 ग्रॅमला 45 ग्रॅमपर्यंत का जायचं आणि गडद भाजणीला 30 वरच का थांबायचं, हे एवढ्यावरून कळतं. पाण्याचं तापमान बदलता येत असेल तर हलक्या भाजणीला 94-95 अंश, गडदला 90-91.

आता स्वाद. दालचिनीची पूड कॉफीबरोबर बास्केटमध्ये घालण्याचा मोह होतो. घालू नका. ती पाण्यात बुळबुळीत होते आणि शॉट तुंबतो. सिरप करा: 100 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम पाणी, बोटाएवढी दालचिनीची काडी. मंद आचेवर 10 मिनिटं ठेवून गाळा. फ्रिजमध्ये साधारण दोन आठवडे टिकतं. संत्र्यासाठीही हेच प्रमाण, पण सालीचा फक्त नारिंगी भाग घ्या, पांढरा भाग कडू असतो. ही साल गॅस बंद केल्यावरच टाका, उकळत ठेवली तर सुगंध वाफेबरोबर उडून जातो. 36 ग्रॅम शॉटला 5 ग्रॅम सिरपपासून सुरुवात करा. सिरप कपात आधी घाला, वर शॉट घ्या आणि ढवळा. न ढवळता चाखलात तर वरचा घोट कडू आणि तळाचा नुसता पाक.

कडवटपणा थोडासाच खुपत असेल तर साखरेआधी मीठ वापरून पाहा. 20 ग्रॅम मीठ 80 ग्रॅम पाण्यात विरघळवा, शॉटला एकच थेंब. खारट लागलं तर जास्त झालं.

दूध घालणार असाल तर संत्र्याचा रस टाळा; आम्लाने दूध फाटतं, सालीच्या सिरपने सहसा नाही. दूध 60-65 अंशांपर्यंतच तापवा. आणि सिरप दुधात घालून वाफवू नका: गोड दूध वाफेच्या नळीत ओढलं जातं, साखर आत करपते, आणि पुढचे कितीतरी कप जळका वास सोडत नाहीत.