15,000 रुपयांत हॉलचा नवा साज: सुरुवात फरशीपासून

हॉल सजवायचा ठरला की बहुतेक घरांत पहिली खरेदी कुशन कव्हरची होते. मग त्यांना जुळणारे पडदे, पडद्यांना जुळणारा भिंतीचा रंग, आणि सगळं झाल्यावर लक्षात येतं की खालच्या फरशीशी यातलं काहीच जमत नाही. पैसे तर खर्च होऊन गेलेले असतात. हाच क्रम उलटा धरला, तर 10 बाय 15 फुटांचा हॉल 15,000 रुपयांच्या आत मनासारखा करता येतो, तोही सोफा न बदलता. जे बदलायला सगळ्यात महाग, ते आधी बघायचं आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं. फॅशन आणायची ती स्वस्तात बदलता येणाऱ्या गोष्टींत.

1. आधी फरशी बघा

आपल्याकडे नव्या इमारतींत बहुधा 2 बाय 2 फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, आयव्हरी किंवा बदामी रंगाच्या. जुन्या सोसायट्यांमध्ये मोझॅइक असतं. वाड्यांत आणि गावच्या घरांत शहाबादी. भिंतीचा रंग या तिघींपैकी कोणती फरशी तुमच्याकडे आहे त्यावरून ठरवा.

बदामी व्हिट्रिफाइड टाइलला अंगचा पिवळसरपणा असतो. काही वर्षांपूर्वी राखाडी भिंतींची लाट आली, तेव्हा अनेकांनी हौसेनं हॉल राखाडी करून घेतला आणि फरशी एकाएकी मळकी दिसायला लागली. फरशी होती तशीच होती. थंड करड्या रंगाशेजारी बदामी आला की त्यातला पिवळा उठून दिसतो, इतकंच. सध्या जे रंग चालू आहेत ते या फरशीला फार मानवणारे आहेत: कॉफीसारखा तपकिरी, विटकरी, ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा, दुधाळ पांढरा. पॅन्टोन ही रंगछटांची मानकं ठरवणारी कंपनी दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ म्हणून एक रंग जाहीर करते. 2025 साठी त्यांनी ‘मोका मूस’ हा तपकिरी निवडला होता आणि 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ हा पांढरा. ही जोडी बदामी फरशीवर डोळे मिटून वापरावी: तीन भिंती पांढऱ्या, एक तपकिरी.

शहाबादी निळसर करडी असते. तिच्यावर गेरूचा लाल आणि मोहरीसारखा पिवळा छान खुलतो, बाकी भिंती चुनखडीच्या पांढऱ्या ठेवाव्यात. तपकिरी मात्र शहाबादीवर टाळा, खोली अंधारते.

मोझॅइक असेल तर तुमचं काम सगळ्यात सोपं. एक लादी ओल्या फडक्यानं पुसा आणि ती ओली असतानाच नीट बघा. आतल्या खड्यांचे खरे रंग तेव्हा दिसतात: विटकरी, शेवाळी, काळा, मधूनच शिंपल्यासारखा पांढरा. त्यातला विटकरी किंवा शेवाळी घ्या आणि त्याचीच फिकी छटा भिंतीला द्या. लोक मोझॅइक जुनाट म्हणून त्यावर टाइल्स बसवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतकी देखणी फरशी आता नव्यानं घालायची म्हटलं तर कारागीर शोधावा लागतो.

2. हॉल रिकामा करा, माळा उघडा

दोन दिवस हॉलमधल्या सगळ्या छोट्या वस्तू खोक्यात भरून ठेवा. मग त्यातल्या ज्या आठवतील तेवढ्याच परत काढायच्या. त्याच वेळी माळ्यावर चढून बघा. पितळी घंगाळ, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, शिसवी पाट असं काही मिळालं तर बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

3. रंगाच्या आधी दिवे

रंग दिसतो तो त्याच्यावर पडणाऱ्या उजेडामुळे, म्हणून दिवे आधी बदलायचे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे ट्यूबलाइटचा निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार. दिवसा सुंदर दिसणारी विटकरी भिंत 6500 च्या उजेडात रात्री मातकट होते आणि लोकांना वाटतं रंगच चुकला.

छताची ट्यूब काढू नका. मुलांच्या अभ्यासाला आणि निवडण्या-टिपण्याच्या कामाला ती हवीच. सोफ्याशेजारी एक उभा दिवा आणि समोरच्या कोपऱ्यात एक टेबलावरचा, दोन्हींत 2700 चे एलईडी बल्ब लावा. आपण बसलेले असताना दिवा साधारण डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि बल्ब शेडच्या आत झाकलेला असावा. संध्याकाळी ट्यूब बंद करून हे दोन लावले की हॉल बदलल्याचं लगेच जाणवतं. रंगाचा डबा अजून उघडलेलासुद्धा नसतो.

4. एकच भिंत रंगवा

दारातून आत आल्यावर समोर दिसते ती किंवा सोफ्यामागची भिंत निवडा. खिडकीची भिंत नको. तिच्यावर उजेड पाठीमागून येतो, त्यामुळे गडद रंग काळपट दिसतो.

शेडकार्डवरचा चौकोन बोटभर असतो. तोच रंग 90 चौरस फुटांवर चढला की जास्त गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्या. घाई न करता आधी सर्वात लहान डबा आणून एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात द्या. वाळल्यावर तो कागद भिंतीच्या तळाशी असा चिकटवा, की त्याची खालची कड फरशीला टेकेल. सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री नव्या दिव्यांत बघा. फरशी आणि रंग शेजारी शेजारी दिसले की निर्णय आपोआप होतो.

भिंतीत ओल असेल तर रंग टिकणार नाही. पोपडे दिसत नसले तरी संशय असेल, तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर आधी गळती शोधा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नये. पाऊस संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी भिंती कोरड्या होत आलेल्या असतात.

काम एका शनिवार-रविवारी होतं. सुटलेला रंग पत्रीनं, म्हणजे खरवडायच्या लोखंडी पट्टीनं, खरवडा, खिळ्यांची भोकं आणि बारीक चिरा पुट्टीनं भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा. पुट्टी लावलेल्या जागी प्रायमरचा हात द्या, नाहीतर तिथे डाग उमटतात. मग शेजारच्या भिंती आणि छताच्या कडेला मास्किंग टेप लावा. कडांना पट्टा ब्रश, मधल्या भागाला रोलर, आणि इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे, दोन हात. दोन हातांमध्ये किती तास थांबायचं आणि एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात, हे डब्यावर छापलेलं असतं. त्यातला कमी आकडा धरून हिशेब करा. 10 फूट लांब आणि 9 फूट उंच भिंत म्हणजे 90 चौरस फूट, त्याला एक लिटर बहुधा पुरतो. मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असतानाच हळूच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग तिच्याबरोबर निघतो.

घर जुनं असेल आणि भिंतीवर, दारांवर ऑइलपेंटचे थर असतील, तर कोरडं घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा आणि होकार मेसेजवर लेखी घ्या. नाही म्हणाले तर भिंत सोडून द्या. पुढच्या पायरीतल्या कापडावरच सगळा रंग आणायचा.

5. कापड

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता छताखाली चार-सहा इंचांवर लावा आणि दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा सहा-सहा इंच जास्त काढा. खिडकी मोठी वाटते, खोली उंच वाटते. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट हवं. सुती कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या, आटायचं ते आधीच आटू दे.

खिडकीखाली दिवाण असेल आणि पडदे पाच फुटीच हवे असतील, तर जुन्या सुती नऊवारीसारखं कापड नाही. नऊ वार म्हणजे 27 फूट. साडेपाच फुटांचे चार तुकडे काढले की वरची नेफ्याची आणि खालची दुमड धरून चार पडदे होतात. काठ दोन्ही बाजूंनी उभे येतात, त्यामुळे बाजूला शिवण घालायची गरजच नाही. उरलेल्या पाच फुटांत पदर येतो. इरकलीचा लाल-पांढरा टोपपदर असेल तर तो दिवाणावर नाहीतर जेवणाच्या टेबलावर मधोमध आडवा टाका. आजीची किंवा आईची नेसती आठवण असलेली साडी मात्र कापू नका. तिची घडी घालून सोफ्याच्या पाठीवर टाकली तरी पुरेसं आहे.

कुशनसाठी खणाचं कापड घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येणारा हा खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी वापरला गेला, आता त्याची तोरणं आणि टेबल रनर सगळीकडे दिसतात. सोफ्यावर चार उशा असतील तर खणाच्या दोनच करा, बाकी दोन साध्या सुती, भिंतीच्या रंगाच्या. चारही खणाच्या केल्या की लग्नघराचा भास होतो. दिवाणावर सोलापुरी चादर टाका. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर वर्षानुवर्षं टिकते आणि तिच्या भूमितीय नक्षीत सध्याच्या फॅशनचे विटकरी-तपकिरी रंग सहज मिळतात.

6. वस्तू

माळ्यावरून काढलेलं घंगाळ चिंचेनं घासून घ्या. पितळ सध्या पुन्हा आवडीनं वापरलं जातंय आणि दुकानात नवं घ्यायला गेलं तर वजनावर भाव लागतो. घंगाळात मनी प्लांटची कुंडी ठेवा. पाटाला चार छोटे पाय लावले की दिव्यासाठी चौरंग झाला.

जे विकत घ्यायचं ते कारागिराकडून घ्या, स्वस्तही पडतं आणि हवं त्या मापाचं करून मिळतं. पुण्यात बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या आणि सुपं मिळतात. टोपली उलटी करून वर होल्डर बसवला की दिव्याची शेड तयार, फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात मातीच्या कुंड्या मिळतात. मातीच्या कुंडीतून पाणी पाझरतं, तेव्हा खाली चकचकीत थाळी ठेवाच, नाहीतर फरशीवर पांढरी वर्तुळं पडतात.

फोटोफ्रेम फार वर टांगण्याची आपल्याला सवय आहे. फ्रेमचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या किंचित खाली आणा. सोफ्यावर लावायची असेल तर सोफ्याच्या पाठीपासून वीतभर अंतर पुरे. आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर.

पैशांची वाटणी मी अशी करेन: दिव्यांना 2,000, रंगाला आणि हत्यारांना 3,000, रॉड आणि पडद्यांना 5,000, उशा आणि चादरीला 2,500, बाकीच्या वस्तूंना 2,500. नऊवारीचे पडदे केलेत तर तिथले बरेच पैसे वाचतात, त्यातून एक चांगला उभा दिवा घ्या. सगळं एका महिन्यात जमत नसेल तरी क्रम हाच ठेवा आणि कुशन शेवटी घ्या.

उरलेला रंग काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा. बरणीवर कंपनी, शेडचा क्रमांक आणि तारीख लिहा. मुलांनी भिंतीवर काढलेलं चित्र झाकायला तोच लागतो.