मुंबईत मुक्काम करायचाय? वस्ती अशी निवडा

मुंबईत कुणी परीक्षेला येतं, कुणी मुलाखतीला, कुणी व्हिसाच्या कामाला, तर कुणी टाटा रुग्णालयात तपासणीला. हक्काचं घर नसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठला एरिया चांगला?" नुसत्या नावाने या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. एकट्या दादरमध्येच रात्री उशिरापर्यंत गजबजलेले रस्ते आहेत आणि त्यांना लागूनच दुकानं बंद झाल्यावर सामसूम होणाऱ्या गल्ल्याही आहेत. म्हणून मी नात्यातल्या मुलामुलींना वेगळा प्रश्न विचारायला सांगते: मी ज्या वेळेला परतणार, त्या वेळेला स्टेशनपासून लॉजच्या दारापर्यंतचा रस्ता कसा असेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

१. आधी काम कुठे आहे ते पाहा, मग रेल्वेची लाइन

वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर या लोकलच्या तीन मुख्य लाइन. काम ज्या लाइनवर, मुक्काम शक्यतो त्याच लाइनवर ठेवा. रात्री अनोळखी स्टेशनवर पूल चढून गाडी बदलणं नवख्या माणसाला जड जातं. मंत्रालयात किंवा हायकोर्टात काम असेल तर चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या) बाजूला राहा. टाटा, केईएम किंवा वाडिया रुग्णालयात जायचं असेल तर परळ-दादर सोयीचं. आयआयटीत परीक्षा असेल तर कांजूरमार्ग, मुलुंड, ठाणे हा पट्टा पाहा. काम नक्की कुठे पडेल हे माहीत नसेल तर दादर घ्या, कारण तिथे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही मिळतात.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर आणि सीएसएमटी ही ठिकाणं तिने जोडली आहेत. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जाणाऱ्याला आता दादरला राहूनही थेट जाता येतं. मात्र रात्री साडेदहानंतर या मेट्रोवर विसंबू नका.

रुग्णाबरोबर येणाऱ्यांनी लॉज शोधण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावं. बाहेरगावच्या रुग्णांसाठी असलेल्या धर्मशाळांची माहिती तिथे मिळते. दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांपैकीच एक. अशा ठिकाणी आजूबाजूला त्याच दुखण्यातून जाणारी कुटुंबं असतात आणि त्यांचा मोठा आधार वाटतो.

२. पोहोचण्याची वेळ तपासा

साधारण रात्री एक ते पहाटे चार या वेळेत लोकल बंद असतात. तुमची गाडी या वेळेत पोहोचत असेल तर अंधारात लॉज शोधत फिरू नका. उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसा. मोठ्या स्टेशनांवरच्या विश्रांतिकक्षाची खोली तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून आधीच घेता येते. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून स्टेशनातच पॉड हॉटेलही (झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं) आहे.

टर्मिनसच्या नावांनीही गोंधळ होतो. लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे, त्याला हार्बरचं टिळकनगर स्टेशन जवळ पडतं. वांद्रे टर्मिनसही वांद्र्याच्या लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. या दोन्ही ठिकाणी रात्री उतरणार असाल तर सामान घेऊन चालत निघू नका. रिक्षाच करा.

३. वस्ती दिवसा नव्हे, रात्रीची वाचा

बहुतेकांची फसगत इथेच होते. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट दिवसा इतके देखणे आणि भरलेले असतात की राहायला हीच जागा उत्तम असं वाटतं. पण हा ऑफिसांचा भाग आहे. संध्याकाळी माणसं लोकल पकडून घरी गेली की आतले रस्ते ओस पडतात आणि रविवारी तर दिवसाही शुकशुकाट असतो. बीकेसी आणि अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीचंही तेच. मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात दुपारी पाय ठेवायला जागा नसते, पण शटर खाली आल्यावर तिथल्या बऱ्याच गल्ल्या रिकाम्या होतात. फोर्टमध्ये राहूच नये असं नाही. मुख्य रस्त्यावरचं हॉटेल घ्या, आतल्या गल्लीतलं नको.

राहण्यासाठी चांगली वस्ती म्हणजे जिथे कुटुंबं राहतात आणि तळमजल्यावर दुकानं आहेत. रात्री दहाला उघडं मेडिकल, दूध-अंडी विकणारं दुकान, जेवणानंतर शतपावलीला निघालेली माणसं, सोसायटीच्या फाटकावर वॉचमन हे सगळं असलं की काही झालंच तर हाकेला कुणीतरी असतं. दादर, माटुंगा, विलेपार्ले पूर्व, चेंबूर, मुलुंड, ठाण्यातला नौपाडा या भागांत असे रस्ते भरपूर सापडतात. कुलाब्यात पर्यटकांमुळे रात्री उशिरापर्यंत जाग असते, पण त्याचा दर द्यावा लागतो.

हे घरबसल्या पाहता येतं. गुगल मॅपवर स्ट्रीट व्ह्यू २०२२ पासून मुंबईत उपलब्ध आहे. स्टेशनच्या जिन्यापासून लॉजच्या दारापर्यंत बोटाने चालत जा. दिव्याचे खांब, दुकानं, फूटपाथ, मधली लांबलचक कंपाउंड भिंत, पुलाखालचा रस्ता हे सगळं दिसतं. ही छायाचित्रं दिवसाची असतात, म्हणून वाटेतल्या दुकानांच्या बंद होण्याच्या वेळाही मॅपवरच पाहून घ्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. "तिकडे झोपडपट्टी आहे", "तिकडे अमक्यांची वस्ती आहे" एवढ्यावरून कुठला भाग वाईट ठरवू नका. वस्ती गरीब असणं वेगळं आणि असुरक्षित असणं वेगळं. दाटीवाटीच्या चाळींच्या गल्लीत रात्री अकराला बायका दारात गप्पा मारत बसलेल्या असतात आणि उंच भिंतींच्या श्रीमंत रस्त्यावर त्याच वेळेला चिटपाखरू नसतं. एकट्या मुलीला कुठला रस्ता बरा, हे धर्म-जात आणि पैसा पाहून कळणार नाही.

४. पूर्व की पश्चिम, आणि परतायला वाहन काय

मुंबईत पत्ता सांगताना पूर्व-पश्चिम विसरून चालत नाही. मधून रेल्वेचे रूळ जातात, त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी जागा प्रत्यक्षात पूल ओलांडून किंवा लांबचा वळसा घालून गाठावी लागते. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं हे लॉजवाल्याला विचारून लिहून ठेवा.

रिक्षा शहरभर चालत नाहीत. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी मिळते. रात्री उशिरा परतायचं असेल आणि बजेट बेताचं असेल तर रिक्षा मिळणारा भाग स्वस्त पडतो. दक्षिणेला राहिलात तर टॅक्सीचा खर्च आधीच धरा, म्हणजे पैसे वाचवण्यासाठी अवेळी पायी निघायची वेळ येणार नाही.

५. जून ते सप्टेंबर असेल तर

पाणी कुठे भरतं ते पाहा. परळचं हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, अंधेरी आणि मिलन सबवे (रुळांखालून जाणारे रस्ते), कुर्ल्याचा मिठी नदीलगतचा सखल भाग ही नेहमीची नावं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो माणसं रस्त्यातच अडकली. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भाग आजही तुंबतो. पावसाळ्यात तळमजल्यावरची खोली टाळा. मुक्काम आणि काम यांच्यामध्ये सबवे येत नाही ना, हेही बघा.

६. लॉज ठरवताना

अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आणि सगळ्यात कमी तारे दिलेले आधी वाचा. गादी मऊ नाही ही तक्रार सोडून द्या. "रात्री दार वाजवलं", "आगाऊ पैसे घेऊन खोली दिली नाही", "फोटोतली जागा ही नाही" अशी एक जरी तक्रार दिसली तरी ती जागा बाद करा. बाई एकटी राहून गेल्याचे अभिप्राय असतील तर ते खास वाचा.

मग फोन करा आणि खुणा विचारा. समोर कुठलं दुकान आहे, रात्री काउंटरवर कोण असतं, दार किती वाजता बंद होतं? खरा लॉजवाला हे पटकन सांगतो. आगाऊ सगळी रक्कम क्यूआर कोडवर पाठवा म्हणणाऱ्यापासून लांब राहा. नावाजलेल्या ठिकाणांच्या नावाने खोटे नंबर टाकून पैसे उकळले जातात, म्हणून नंबर दोन ठिकाणी पडताळा. ओळखपत्र न मागता खोली देणारी जागाही नको, कारण तुमच्या शेजारच्या खोलीतही तसाच कुणी नोंद नसलेला असणार.

७. पहिली रात्र

चार दिवस राहायचं असलं तरी आधी एकाच रात्रीचे पैसे भरा. खोलीत शिरल्यावर आतली कडी, खिडकीची खिटी आणि बाथरूमचं दार लावून बघा. जिना कुठे आहे आणि त्यावर सामान रचलेलं नाही ना, ते पाहा. घरच्यांना लॉजचं नाव, खोली क्रमांक आणि लोकेशन पाठवा. फोनमध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक, महिला आणि ज्येष्ठांसाठी मुंबई पोलिसांचा १०३, आणि रेल्वेचा १३९ साठवून ठेवा. काही खटकलं तर सकाळी चहा घ्या, बॅग उचला आणि दुसरी जागा बघा. लॉजवाल्याला कारण सांगायची गरज नाही.