केळ्याचा केक आणि कॉफीचं बटरक्रीम

'तीन पिकलेली केळी घ्या' असं सांगणाऱ्या कृतीने एकदा केक छान होतो आणि पुढच्या वेळी मधोमध ओला गोळा राहतो. दोष बहुतेक वेळा केळ्यांच्या मापात असतो. जळगाव-रावेरकडचं जी-९ जातीचं मोठं केळं सोलून १२० ग्रॅम भरतं, वेलची केळं जेमतेम ४०. म्हणून केळी मोजायची नाहीत, सोलून तोलायची. दोन-पाच ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा या केकसाठी महागड्या ओव्हनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरी अडचण गोडीची. केळं गोड, केकमध्ये साखर, वर पुन्हा लोणी-साखरेचा थर. तिन्ही गोडच राहिले तर दुसरा घास नकोसा होतो. वरच्या थरात काहीतरी कडू, आंबट किंवा खारट हवं. इथे कॉफी घेतली आहे, कारण केळ्याच्या वासाला ती दाबत नाही. इतर स्वाद पुढे दिले आहेत.

केळी कोणती आणि किती पिकलेली

साल पिवळी झाली म्हणजे केळं केकसाठी तयार झालं असं नाही. बाजारात येणारी बरीच केळी रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, पिकवलेली असतात. त्यांची साल झटकन पिवळी होते, गर मात्र आतून टणक आणि पिठूळ राहतो. गरातल्या स्टार्चची साखर व्हायला वेळ लागतो आणि केळ्याचा खरा वासही तेव्हाच येतो. निम्म्याहून जास्त साल तपकिरी झाली, केळं बोटाला मऊ लागलं, की घ्यावं. पिवळी धमक केळी आणली असतील तर टोपलीत तीन-चार दिवस राहू द्या. गराला आंबूस, दारूसारखा वास येत असेल किंवा देठाशी बुरशी असेल तर टाकून द्या.

पिकलेली केळी जास्त झाली तर सोलून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. सालीसकट ठेवलीत तर नंतर सोलताना हाल होतात. वितळल्यावर त्यांना पाणी सुटतं. ते गाळून छोट्या पातेल्यात आटवून निम्मं करा आणि परत गरात मिसळा. स्वाद त्या पाण्यातच असतो, ओतून देऊ नका.

जी-९ किंवा वेलची, दोन्ही चालतात. वेलचीला किंचित आंबटपणा असतो, तिचा केक चवीला जास्त चांगला होतो, पण सोलायला सहा-सात केळी लागतात. वसईकडची राजेळी सुकेळ्यांसाठी उत्तम, केकसाठी फार घट्ट.

साहित्य (८ इंची गोल टिन, उंची किमान २ इंच)

केकसाठी:
- मैदा २०० ग्रॅम
- सोललेल्या केळ्यांचा गर २५० ग्रॅम
- लोणी (बटर) ११० ग्रॅम
- साखर १५० ग्रॅम
- अंडी २
- घट्ट, ताजं दही ८० ग्रॅम
- बेकिंग पावडर १ चहाचा चमचा
- खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा
- मीठ पाव चहाचा चमचा
- व्हॅनिला इसेन्स १ चहाचा चमचा

बटरक्रीमसाठी:
- बिनमिठाचं लोणी २०० ग्रॅम
- आयसिंग शुगर ३०० ग्रॅम
- इन्स्टंट कॉफी ३ चहाचे चमचे, १ मोठा चमचा गरम पाण्यात विरघळवून पूर्ण गार केलेली
- मीठ चिमूटभर
- लागलं तर दूध, १ मोठा चमचा

चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा १५ मिली, सपाट भरलेला. सोड्याच्या बाबतीत तर सुरीने चमचा सपाट कराच. पाव चमचा जादा सोड्यानेही केक काळपट होतो आणि साबणासारखी चव जिभेवर राहते.

रोजच्या पोळीला लावायचं खारं बटर केकमध्ये चालतं, फक्त वरचं मीठ घालू नका. बटरक्रीममध्ये ते चालत नाही. २०० ग्रॅम खाऱ्या बटरचा खारटपणा साखर झाकू शकत नाही आणि पिवळा रंगही वर दिसतो. घरी विरजण घुसळून काढलेलं लोणीही इथे नको. त्यात ताकाचं पाणी उरलेलं असतं, त्यामुळे क्रीम फाटतं आणि आंबूस लागतं.

केक

आपल्याकडची साखर जाड दाण्याची असते आणि लोण्यात लवकर विरघळत नाही. मिक्सरमध्ये दोन झटके द्या. रव्याइतकी बारीक पुरे, पिठीसाखर नको, कारण लोण्यात हवा भरायला दाण्याची धार लागते.

1. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १७० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, १५ मिनिटं आधी तापवत ठेवा. टिनच्या तळाला बटर पेपर घाला, कडेला लोणी लावून मैदा भुरभुरवा.

2. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. सोड्याची बारीक गुठळी राहिली तर केकमध्ये तपकिरी, कडू ठिपका उमटतो.

3. केळी काट्याने कुस्करा. वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या तर चालतील, त्याहून मोठ्या नकोत. तिथे केकमध्ये ओले खड्डे पडतात. मिक्सरमधून काढू नका, गर चिकट होतो. त्यात दही आणि इसेन्स मिसळा. दह्यावर पाणी सुटलं असेल तर आधी ओतून टाका.

4. लोणी बोट दाबल्यावर खळगा पडेल, पण बोट आत बुडणार नाही इतपत मऊ हवं, म्हणजे साधारण १८ ते २० अंश. मे महिन्यात फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटं पुरतात, थंडीत पाऊण तासही लागतो. वितळलेलं लोणी पुन्हा गोठवून उपयोग नाही, त्यात हवा धरत नाही. लोणी-साखर इलेक्ट्रिक बीटरने ४-५ मिनिटं फेटा. रंग फिका होऊन मिश्रण फुललं पाहिजे.

5. अंडी खोलीच्या तापमानाची, एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडं गार होतं. एक चमचा मैदा घालून फेटलं की सावरतं.

6. आता बीटर बाजूला ठेवा. मैदा तीन भागांत आणि केळी-दही दोन भागांत, आलटून पालटून, स्पॅच्युलाने खालून वर घेत मिसळा. सुरुवात आणि शेवट मैद्याने. पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबा.

7. लगेच टिनमध्ये ओतून ओव्हनच्या मधल्या जाळीवर ठेवा. सोडा दही लागताच काम सुरू करतो, त्यामुळे मिश्रण ओट्यावर वीस मिनिटं राहिलं तर तेवढा फुलवा वाया जातो.

४० ते ४५ मिनिटं लागतात, ७ इंची टिनला ५० ते ५५. पहिली ३० मिनिटं दार उघडू नका. टूथपिक खुपसून पाहताना इथे थोडी फसगत होते, कारण केळ्याचा तुकडा मध्ये आला तर भाजलेल्या केकमधूनही ती ओली निघते. दोन-तीन ठिकाणी तपासा. ओलसर कण चिकटले तर चालेल, पातळ पीठ चिकटलं तर नाही. बोटाने हलकं दाबल्यावर वरचा भाग परत वर यायला हवा. थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ९६ ते ९८ अंश आलं की काढा. वरचा भाग आधीच काळवंडत असेल तर ३० मिनिटांनंतर वर सैल फॉइल ठेवा. घरगुती ओटीजीची बटणं दहा-वीस अंशांनी सहज चुकतात. ओव्हन थर्मामीटर आत ठेवला की तो संशय मिटतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आच, मग टिन ठेवून मंद आचेवर ५० मिनिटं ते एक तास. वरून रंग येत नाही, पण इथे वर क्रीमच लागणार असल्याने बिघडत नाही. चांगला प्रेशर कुकर यासाठी कोरडा तापवू नका.

टिनमध्ये १० मिनिटं, मग जाळीवर उलटा करून पूर्ण गार. दोन-तीन तास लागतात. सर्वांत सोयीचं म्हणजे आदल्या दिवशी भाजून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं. ताजा केळ्याचा केक आडवा कापताना चुरतो, गार केलेला सरळ कापला जातो.

बिनअंड्याचा करायचा तर लोण्याऐवजी ९० मिली बिनवासाचं तेल, दही १६० ग्रॅम, दूध २ मोठे चमचे आणि व्हिनेगर १ चहाचा चमचा घ्या. फेटायची भानगड नाही. ओलं सगळं एकत्र, त्यात चाळलेलं कोरडं, झालं. पोत जरा दाट येतो.

कुठे बिघडतं

मधे खचला: दार लवकर उघडलं, सोडा जास्त पडला किंवा भाजायला कमी पडला. तळाशी रबरासारखा ओला पट्टा: केळी किंवा दही जास्त. वर डोंगर होऊन फुटला: आच जास्त. आतून लांबट बोगदे आणि चिवटपणा: मैदा घातल्यावर घोटलं. अजिबात फुगला नाही: जुनी बेकिंग पावडर. चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा, जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

बटरक्रीम

आपल्याकडच्या बेकऱ्यांतल्या केकवर बहुधा वनस्पती तेलापासूनचं व्हिप्ड क्रीम असतं, हलकं आणि फेसाळ. बटरक्रीम त्या मानाने जड आणि घट्ट असतं. पहिल्यांदा करणाऱ्याला ते 'जमलं नाही' असं वाटतं, प्रत्यक्षात ते तसंच असायला हवं. थर पातळ लावायचा, एवढंच.

आयसिंग शुगर नसेल तर ३०० ग्रॅम साखर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून मिक्सरमध्ये दळा आणि अगदी बारीक चाळणीतून दोनदा काढा. नेहमीची पिठीसाखर चिमटीत घेऊन पाहा. कण जाणवले तर ते क्रीममध्येही जाणवणार, कितीही फेटलं तरी.

मऊ लोणी एकटंच ५ मिनिटं फेटा, जवळजवळ पांढरं होईपर्यंत. ही पायरी गाळली की क्रीम तेलकट लागतं. मग आयसिंग शुगर तीन हप्त्यांत, आधी मंद गतीवर, नाहीतर ओटाभर साखर उडेल. मीठ घाला. शेवटी गार कॉफी थोडी-थोडी घालत दोन मिनिटं फेटा. कॉफी कोमट असली तरी लोणी वितळतं. फार घट्ट वाटलं तरच दूध घाला, तेही चमच्याचमच्याने.

दाणेदार, फाटल्यासारखं दिसलं तर क्रीम गार आहे. भांड्याचं बूड गरम पाण्यात दहा सेकंद धरून पुन्हा फेटा. पातळ होऊन ओघळायला लागलं तर फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवून फेटा, साखर वाढवू नका. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे नागपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी हे काम करण्यात अर्थ नाही. पहाटे किंवा रात्री करा, स्टीलचं भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवा.

कॉफी नको असेल तर शिकरणीच्या वळणाने जा: अर्धा चहाचा चमचा ताजी वेलचीपूड आणि चिमूटभर जायफळ, मात्र मीठ किंचित वाढवा, नाहीतर गोडच गोड होतं. लिंबाची किसलेली साल आणि २ चहाचे चमचे रस घातला तर आंबटपणा छान येतो. शेंगदाण्याचं गुळगुळीत बटर ८० ग्रॅम घेतलं तर लोणी तेवढ्याच वजनाने कमी करा. गूळ थेट घालू नका, त्याच्यातल्या ओलाव्याने क्रीम फाटतं.

तरीही गोड वाटत असेल तर मैद्याचं शिजवलेलं बटरक्रीम करून पाहा. ३० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर आणि २०० मिली दूध खिरीसारखं ढवळत, घट्ट होईपर्यंत शिजवा, वर प्लास्टिक चिकटवून पूर्ण गार करा आणि फेटलेल्या २०० ग्रॅम लोण्यात चमच्याचमच्याने मिसळा. साखर निम्म्यावर येते. उन्हाळ्यात मात्र ते पहिल्या प्रकारापेक्षा लवकर सैल पडतं.

लावणं आणि ठेवणं

वरचा फुगवटा सपाट कापा, केक आडवा दोन भागांत करा. साखरेचं पाणी शिंपडायची गरज नाही, हा केक मुळातच ओलसर असतो. तिसरा हिस्सा क्रीम मधे पसरा. मग सगळीकडे कागदासारखा पातळ थर लावून फ्रिजमध्ये ३० मिनिटं ठेवा, म्हणजे सुटलेला चुरा त्यातच अडकतो. उरलेलं क्रीम त्यावर लावा. पॅलेट नाइफ गरम पाण्यात बुडवून पुसून फिरवला की कडा गुळगुळीत होतात.

मधल्या थरात ताज्या केळ्याच्या चकत्या घालायचा मोह होतो. तासाभरात त्या काळ्या पडायला लागतात, पाणी सोडतात आणि वरचा भाग घसरतो. घालायच्याच असतील तर लिंबाचा रस लावून, त्याच दिवशी खाण्यापुरत्या.

केक बंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. डबा उघडा ठेवू नका, लोणी कांदा-लसणाचा वास लगेच ओढून घेतं. वाढण्याआधी पाऊण तास बाहेर काढा. गार लोणी दगडासारखं असतं आणि कॉफीचा वासही त्यातून बाहेर पडत नाही.