हवेत कार्बन वाढला म्हणून नत्राला हात आखडू नका

पेरणी तोंडावर आली की हा विषय निघतोच, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, झाडाचं तर ते खाणंच आहे, मग पीक आपोआप जोमात येणार आणि खत थोडं कमी टाकलं तरी चालेल. यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यानंच घोळ होतो.

१९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. भात, गहू, सोयाबीन, कापूस, हरभरा ही सी-३ गटातली पिकं, म्हणजे हवेतला कार्बन न साठवता थेट वापरणारी, त्यांना याचा खरोखर फायदा होतो. मका, ज्वारी, ऊस मात्र सी-४, ती कार्बन आधीच पानात खेचून साठवतात त्यामुळे हवेत वाढला काय न वाढला काय, पाण्याचा ताण पडला तरच थोडा आधार मिळतो, कारण कार्बन जास्त असला की पानाची छिद्रं अर्धवट मिटलेली राहतात आणि पाणी कमी उडतं.

पण पाणी कमी उडालं की पान तापतं, आणि हाच वायू हवाही तापवतोय, म्हणजे एका हातानं देतो नि दुसऱ्यानं काढून घेतो. भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ च्या वर गेला तर परागकण निकामी होतात, पीक बांधावरून हिरवंगार दिसतं आणि लोंबी दाबून बघितली तर आत पळिंज, म्हणजे दाणे पोकळ. म्हणून वाण निवडताना तो किती दिवसांत फुलावर येतो ते आधी विचारा, तिथून उलटं मोजा आणि कडक उन्हाचे दिवस चुकतील अशी पेरणी धरा. माझ्या मते उत्पादनाच्या आकड्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

आता नत्र. कार्बन वाढला की झाड पिष्ट भरपूर बनवतं पण नत्र त्या मानानं उचलत नाही, त्यामुळे दाणा भरतो पण कस उतरतो. उघड्या शेतात ५५० भागांपर्यंत वायू सोडून प्रयोग झालेत, त्यात गव्हातलं प्रोटीन साधारण ६ टक्के आणि जस्त ९ टक्के घटलेलं दिसलं. म्हणजे हात आखडायचा प्रश्नच नाही, उलट माती परीक्षण करून नत्राचे हप्ते पाडा, एकदम सगळं ओतू नका, जस्त कमी निघालं तर तेही द्या.

शेंगवर्गीय पिकं इथं नशीबवान, जादा पिष्ट मुळावरच्या गाठींना जातं आणि त्या नत्र जास्त बांधतात, पण गाठी चालू असतील तरच. फुलं लागायच्या सुमाराला एखादं रोप मातीसकट हळूच उपटा, गाठ नखानं फोडून बघा, आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठी तयार करणारे जिवाणू, लावताना बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि सुकवायचं सावलीतच.

तणांचंही तेच, रुंद पानाची बरीचशी तणं सी-३ आहेत, मक्यात ज्वारीत तीच पुढं पळतात, तेव्हा पहिली कोळपणी लांबवू नका, वाफसा आला की घ्या.

पॉलिहाऊसवाल्यांचं गणित वेगळं. दिवसा सगळं बंद ठेवलं तर पिकं आतला कार्बन बाहेरच्या हवेपेक्षाही खाली आणतात, आधी पडदे उघडा, तो फुकटचा उपाय आहे. ८०० ते १००० भागांपर्यंत वाढवणारेही आहेत पण ऊन नसेल तर ते वाया. कार्बन वाढवायला जळणाचा बर्नर लावायचाच तर ज्योत निळी आहे का बघा, पिवळी असेल तर जळण अर्धवट होतंय, त्यातल्या इथिलीन वायूनं टोमॅटोची फुलं गळतात, आणि आत माणसं काम करत असतील तर कार्बन मोनॉक्साइडनं जिवावर बेतू शकतं.