यॉटचं सुकाणू नव्याने बनवताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे वरून चकचकीत दिसतो म्हणून जुना स्टॉक, सुकाणूचा उभा दांडा, तसाच नव्या पात्यात घालणं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते ऑक्सिजनमुळे. पात्यातल्या ओल्या फोममध्ये ऑक्सिजन पोचत नाही आणि धातू आतून पोखरला जातो.

एका मित्राच्या पात्याला तळाशी भोक पाडलं तर तांबूस पाणी गळायला लागलं. "थोडं पाणी असतंच," म्हणाला. मी हट्टाने पातं चिरायला लावलं. बाहेर दांडा आरशासारखा होता, पण आत त्याला वेल्ड केलेल्या तीन आडव्या पट्ट्यांपैकी दोन हात लावताच सुटून आल्या. तिसरीही गेली असती तर टिलर, म्हणजे सुकाणू वळवायला हातात धरायची आडवी काठी, फिरला असता, दांडा फिरला असता आणि पातं जागचं हललं नसतं. तेव्हापासून बोट पाण्याबाहेर काढली की मी तळाशी सहा मिलिमीटरचं भोक पाडतोच. तांबूस पाणी आलं की पातं उघडायचं, त्यावर चर्चा नाही.

पाणी शिरतं ते बहुधा दांडा पात्यात घुसतो तिथून. तिथे कडक फिलर भरू नका. धातू आणि फायबरग्लास सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे फिलरला चीर पडतेच. मी दांड्याभोवती खाच करून लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरतो आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.

दुसरी चूक बेअरिंगची. नायलॉनची बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, बोट जमिनीवर असताना घट्ट, छान बसते. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. आठवड्याभरात टिलर दोन्ही हातांनी ओढावा लागलेली बोट मी पाहिली आहे. ॲसिटल हे प्लॅस्टिक वापरा, नाहीतर नायलॉनला जागा सोडा. "खडखड नको" म्हणून घट्ट बसवायची नवख्यांची घाई मला अजिबात पटत नाही.

पॉलिस्टायरिनच्या फोमवर पॉलिएस्टर रेझिन लावू नका, फोम विरघळतो. तिथे इपॉक्सीच हवं, आणि तेही पसरट भांड्यात थोडं थोडं कालवा. खोल डब्यात ते तापून धुरावतं.

टिलर हलका व्हावा म्हणून पात्याचा दांड्यापुढचा भाग वाढवू नका. एकूण क्षेत्रफळाच्या साधारण १५ टक्के ठीक. २० च्या वर गेलात तर पातं स्वतःच वळायला बघतं.

आकार नजरेने घासू नका. एकाच बाजूचा साचा कापा आणि उलटवून दोन्हीकडे लावा. नाका ००१२ हा पात्याच्या आडव्या छेदाचा प्रमाणित आकार घेतला असेल तर जाडी सर्वाधिक असते पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर, मध्यावर नाही.

सुकाणू बसवण्याआधी बोटीखाली दांड्याच्या लांबीएवढी मोकळी जागा मोजा; नसेल तर खड्डा खणावा लागतो. बसवल्यावर, बोट अजून जमिनीवर असतानाच, आणीबाणीचा टिलर दांड्याच्या चौकोनी टोकावर प्रत्यक्ष चढवून दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा.